गंज चालेल, हरवलेला स्क्रू नाही: जुने खास रंधे घेणं आणि कामाला लावणं

खास रंधा म्हणजे खाच, पायरी असल्या ठरावीक कामांसाठीचा रंधा. मी घेतलेला पहिला खास रंधा म्हणजे स्टॅन्ली या अमेरिकन कंपनीचा ७८ नंबर. पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी सकाळी, पान्यांच्या आणि फुटक्या मिक्सरच्या ढिगात तो पालथा पडला होता. गंजानं पार तपकिरी झालेला. विकणाऱ्याला तो रंधा आहे एवढंच माहीत होतं आणि मलाही फार जास्त माहीत नव्हतं. घासाघीस करून घरी आणला, दोन दिवस खपून चकचकीत केला आणि तिसऱ्या दिवशी कळलं की याला फेन्स (लाकडाच्या कडेला टेकून रंधा सरळ नेणारी पट्टी) नाही, फेन्सची दांडी नाही, खोली ठरवणारा स्टॉप नाही आणि बाजूचा छोटा स्परही (तंतू आधी चिरणारी धार) नाही. पोळपाट घासूनपुसून ठेवला होता, लाटण्याचा पत्ताच नव्हता. ते चार तुकडे जमवायला पुढे दीड वर्ष गेलं आणि पैसे रंध्यापेक्षा जास्त गेले.

फळी सपाट करायच्या साध्या जॅक रंध्याला फारसं हरवण्यासारखं काही नसतं. पातं, ते दाबणारी टोपी, मूठ, संपलं. त्यातलं काही गेलंच तर आजही नवं मिळतं. खास रंध्यांचं तसं नाही. त्यांची सगळी करामत त्या सुट्या तुकड्यांत असते, आणि शंभर वर्षांत चार मालक बदलले की पहिले तेच गायब होतात. म्हणून जुना खास रंधा बघताना गंजाकडे नंतर बघा. आधी काय काय नाही ते मोजा.

कोणता रंधा कशासाठी

रिबेट मारायला म्हणजे पट्टीच्या कडेला पायरीसारखी खाच काढायला ७८. त्याचं पातं तळाच्या पूर्ण रुंदीचं, दीड इंच असतं, त्यामुळे ते थेट कोपऱ्यापर्यंत कापतं. पात्याला बसायला दोन जागा असतात: एक नेहमीची आणि एक अगदी नाकाशी, बंद कोपऱ्यात शिरायला. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीचा ०७८ हा त्याच घराण्यातला. त्यांचाच ७७८ मला जास्त आवडतो, कारण त्याच्या फेन्सला दोन दांड्या असतात आणि पातं स्क्रूनं पुढेमागे होतं. एका दांडीवरची फेन्स जरा जोर लागला की तिरकी होते. दोन दांड्यांवरची होत नाही.

राउटर रंधा म्हणजे स्टॅन्ली ७१ किंवा त्याच्यासारखा. दोन लाकडी गोळे, मध्ये खाली वाकलेलं पातं. आधी करवतीनं आणि पटाशीनं काढलेल्या खाचेचा तळ सगळीकडे एकाच खोलीचा करण्यासाठी. दिसायला खेळण्यासारखा, पण बिजागरीची जागा, कुसवाचे (सांध्यात घुसणाऱ्या टोकाचे) गाल, फळीची आडवी खाच, सगळीकडे लागतो.

शोल्डर रंधा कुसवाचा खांदा चौकोनी करायला. पातं आडवं पडलेलं आणि उतार (धारेचा घासलेला तिरपा भाग) वर केलेला, त्यामुळे लाकडाच्या आडव्या तोंडावर सफाईनं चालतो. स्टॅन्लीचे ९२ आणि ९३ वरचा भाग एका स्क्रूनं सुटतो असे आहेत. तो काढला की पटाशीसारखा रंधा उरतो.

खाचेचे रंधे म्हणजे रेकॉर्डचे ०४४ आणि ०५०. त्यांच्या पुढचा, म्हणजे सगळ्यांचा बाप म्हणून मिरवणारा, स्टॅन्ली ४५. खाच, रिबेट, मणी (कडेची गोल नक्षी), फळ्या जोडायची जीभ-खाच, सगळं एकात. १८८४ च्या सुमारास आला आणि १९६२ पर्यंत बनत राहिला. रेकॉर्डचा ४०५ हा त्याचा इंग्लंडमधला अवतार. त्याहून मोठा ५५, पन्नासहून अधिक पात्यांचा.

पहिला खास रंधा म्हणून ४५ घेऊ नका. खोक्यातली ती ओळीनं लावलेली पाती बघून जीव पाघळतो हे मला माहीत आहे, माझाही पाघळला होता. पण तो जुळवण्यातच संध्याकाळ जाते, आणि एक खाच मारायला एवढा खटाटोप नको म्हणून माणूस पुन्हा यंत्राकडे वळतो. आधी राउटर घ्या, मग ७८ किंवा ७७८. या दोघांनी घरगुती सुतारकामातलं बरंच काही निभतं.

कुठे शोधायचे

पुण्यात जुना बाजार, बुधवार आणि रविवार. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पण तिथल्या जुन्या दुकानदारांना शेफिल्ड हा शब्द वाचता येतो आणि भाव त्याप्रमाणे असतो. माझा अनुभव असा की खरा माल बाजारात येण्याआधीच मिळतो: थकलेल्या मिस्त्रींच्या घरी, बंद होत असलेल्या फर्निचरच्या कारखान्यात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. आपल्या भागातल्या वयस्कर सुतारांना एकदा भेटून, "काका, मशीन आल्यावर जुने रंधे कुठे ठेवलेत?" असं नुसतं विचारा. त्यांना आधी हसू येतं, मग ते पेटी काढतात. तिथे मात्र भंगाराच्या भावानं घासाघीस करू नये. त्या हत्यारावर त्यांचं घर चाललेलं असतं.

परदेशात नातेवाईक असतील तर ब्रिटनमधले कार बूट सेल आणि अमेरिकेतले फ्ली मार्केट या जुन्या वस्तूंच्या बाजारांसारखं ठिकाण नाही. ७८ दीड किलोच्या आसपास भरतो, तेव्हा येणाऱ्या माणसाच्या सामानात सहज बसतो. फक्त त्यांना बजावून सांगा की पात्यासकट तो चेक-इन बॅगेतच टाकायचा, हातातल्या बॅगेत नाही. ऑनलाइन मागवायचा तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. स्वस्त वाटलेला रंधा दारात येईपर्यंत बऱ्याचदा महाग झालेला असतो.

फोटोवरून घेताना विक्रेत्याकडे ठरावीक फोटो मागा: तळ, दोन्ही बाजू, तोंड जवळून, पात्याची पाठ, आणि सगळे सुटे भाग कागदावर वेगळे मांडून एक. शेवटचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

हातात घेतल्यावर दोन मिनिटांत

आधी तडे. हे रंधे बिडाचे असतात आणि बीड पडलं की वाकत नाही, फुटतं. ७८ मध्ये तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत, आणि पातं दाबणाऱ्या टोपीचा स्क्रू जिथे बसतो तिथे नखानं चाचपून बघा. गंजाखाली तडा लपतो. तेलाचं एक बोट फिरवून पुसून टाकलं की तड्यात तेल राहतं आणि काळी रेघ दिसते. सगळे भाग काढून अंग दोन बोटांत लोंबकळत धरा आणि पान्यानं हलकं टिचकवा. सलग बीड घणघणतं, तडकलेलं बद्द वाजतं. पूर्वी कुणी पितळेचं झाळ देऊन जोडलेला रंधा दिसला तर कामापुरता घ्यायला हरकत नाही, पण पैसे तसेच द्या. आणि जोडताना तापून तळ वाकलाय का तेही बघा.

मग हजेरी. ७८ साठी: फेन्स, दांडी, खोलीचा स्टॉप आणि त्याचा स्क्रू, स्पर आणि त्याचा बारीक स्क्रू, टोपी, पातं, पातं पुढेमागे करणारी दांडी. राउटरसाठी: पातं धरणारी कडी आणि तिचा स्क्रू, उंचीची चाकी, खोलीची काडी, आणि किती पाती आहेत. ७१ ला मुळात पाव इंची, अर्धा इंची आणि टोकदार अशी तीन पाती असत. एकच असेल तर ते अर्धा इंची असावं एवढी प्रार्थना करा.

हरवलेला स्क्रू म्हणजे काय मोठंसं, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून आणू, असं वाटतं. तिथेच फसतो आपण. स्टॅन्लीच्या अनेक स्क्रूंचे आटे आपल्याकडच्या मेट्रिक स्क्रूंशी जुळत नाहीत, ब्रिटिश रंध्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जवळच्या मापाचा स्क्रू दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि तिसऱ्या फेऱ्याला बिडातले मूळ आटे कापून टाकतो. स्क्रू नसेल तर लेथवाल्याकडे अख्खा रंधा घेऊन जा आणि त्या भोकात बसेल असा स्क्रू करून घ्या. माझ्या स्परचा स्क्रू असाच झाला. पैसे चहापाण्याचे, वेळ मात्र तीन चकरांचा.

पातं किती उरलंय ते बघा. कडक पोलाद फक्त धारेच्या बाजूचं काही अंतर असण्याची शक्यता असते. पातं झिजून भोकाच्या जवळ आलं असेल तर ते संपलेलं धरा. गंजाचे खड्डे पात्याच्या उताराकडे असतील तर काही बिघडत नाही, ते घासताना जातात. पाठीवर धारेपाशी खोल खड्डे असतील तर धारेला कायम दाते राहतील, कारण धार म्हणजे पाठ आणि उतार यांची भेट.

तळाचा वरवरचा गंज, मळ, रंगाचे शिंतोडे, तुटलेली मुठीची शेपटी, उडालेला काळा रंग, ही सगळी भाव पाडायची कारणं आहेत, न घेण्याची नाहीत.

४५ घ्यायचाच असेल तर

त्यासाठी कागदावर यादी घेऊन जा, मनात राहत नाही. मुख्य अंग, सरकणारा भाग, लाकडाची पट्टी लावलेली फेन्स, आखूड आणि लांब अशा दांड्यांच्या दोन जोड्या, खोलीचा स्टॉप, मणी काढताना लागणारा वेगळा स्टॉप, दोन्ही बाजूंचे स्पर, चिरणारं पातं आणि त्याचा स्टॉप, दांड्यांवर बसणारा छोटा टेकू, पातं धरणारा बोल्ट, आणि पात्यांची खोकी. लांब दांड्या नसतील तर चालतं, त्या मापाची गोल सळई मिळवता येते. सरकणारा भाग किंवा मूळ फेन्स नसेल तर सोडून द्या. दुसऱ्या रंध्याचा सरकणारा भाग बसवला तर दोन्ही पट्ट्यांची उंची तंतोतंत जुळेलच असं नाही.

आता महत्त्वाचं. दांड्या घालून सरकणारा भाग मुख्य अंगापासून पाऊण इंचावर घट्ट करा आणि रंधा उलटा धरून डोळ्याच्या रेषेत बघा. दोन्ही पातळ पट्ट्या एकमेकींना समांतर आणि एकाच पातळीत हव्यात. रंधा कधी पडला असेल तर पुढची पट्टी बारीकशी वाकलेली दिसते. ती सरळ करायला गेलात तर तुटते. ठेवून द्या आणि पुढच्या दुकानात जा.

पाती मोजताना नुसती संख्या बघू नका. अर्धी पाती इतकी गंजलेली असतात की मण्याचा गोल आकार राहिलेला नसतो. सरळ पाती, तीन मिलिमीटरपासून बारापर्यंतची, नीट असतील तर रंधा कामाचा. बाकीची शोभेची धरा.

उघडणं आणि गंज काढणं

उघडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. स्क्रू कुठला कुठे होता हे तुम्हाला आठवेल असं आज वाटतं, पंधरा दिवसांनी आठवत नाही. मी अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये क्रमानं ठेवतो.

अडकलेल्या स्क्रूवर जोर करू नका. रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून थेंब थेंब सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी स्क्रूच्या डोक्यावर पितळी दांड्यानं हलके टोले द्या, मग फिरवा. स्क्रू ड्रायव्हरचं तोंड खाचेत गच्च बसलं पाहिजे. सैल असेल तर कानशीनं ड्रायव्हरच घासून घ्या, त्यासाठी एक जुना ड्रायव्हर कायमचा बाजूला काढून ठेवला तरी चालेल. तरीही हलला नाही तर हेअर ड्रायरनं आजूबाजूचं बीड गरम करा, परत तेल, परत रात्र. या कामात घाई म्हणजे स्क्रूचं डोकं तुटणं.

गंजासाठी मला किराणा दुकानातलं लिंबूफूल पुरतं. एक लिटर कोमट पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम, प्लास्टिकच्या घमेल्यात. बिडाचे आणि पोलादाचे भाग पूर्ण बुडतील असे ठेवा, अर्धवट बुडाले तर पाण्याच्या रेषेवर कायमचा डाग पडतो. दोन-तीन तासांनी काढून भांड्याच्या घासणीनं घासा, गरज पडली तर परत टाका. रात्रभर विसरून गेलात तर आम्ल निरोगी लोखंडही खायला लागतं आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत होतो. लाकूड अर्थातच आधी काढलेलं हवं. निकेलचा मुलामा पोपडे धरून सुटत असेल तर तो भाग यात टाकू नका, त्याला नुसतं तेल आणि बारीक स्टील वूल.

बाहेर काढल्यावरची पाच मिनिटं सगळ्यात धोक्याची. ओलं, स्वच्छ लोखंड बघता बघता नारिंगी होतं, पावसाळ्यात तर डोळ्यादेखत. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, गरम पाण्यानं धुवा, लगेच कोरडं पुसा, ड्रायरनं आटे आणि भोकं वाळवा आणि मशीन ऑइलचा हात फिरवा. सगळी तयारी आधी मांडून ठेवा. टॉवेल शोधायला आत जाऊन आलात तर गंज परत आलेला असतो.

फारच खोल गंज असेल तर विजेची पद्धत. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण बाजू रंध्याला, धन बाजू भंगारातल्या साध्या लोखंडाला. दोघे एकमेकांना टेकता कामा नयेत. धन बाजूला स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताटली कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून गॅलरीत किंवा अंगणात करा आणि हात घालण्याआधी चार्जर बंद करा.

मूळ काळा रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर तसाच राहू द्या. स्टॅन्लीचा तो रंग डांबरावर आधारलेला, भाजून बसवलेला असतो. त्याच्यावर एनॅमल मारलेला रंधा दुरून नवा दिसतो आणि जवळून केविलवाणा. आणि बिडाला बफ मारून आरसा करायची हौस तर मुळीच करू नका. लाकडाला टेकणारी जागा आणि पात्याला टेकणारी जागा, एवढ्याच दोन जागा नीट करायच्या असतात.

७८ जुळवणं

इथे वेळ द्या. रिबेट रंधा वाईट चालतो तो गंजामुळे नाही, तिरकेपणामुळे.

दहा मिलिमीटर जाडीची फ्लोट काच काचवाल्याकडून तुकड्यात मिळते. तिच्यावर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. तळावर मार्करनं आडव्या रेघा मारा, पातं आत ओढून टोपी नेहमीसारखी घट्ट करा, कारण टोपीच्या दाबानं तळ किंचित वाकतो आणि तो वाकलेल्या स्थितीतच सपाट व्हायला हवा. आता चार-पाच वेळा घासून रेघा कुठे पुसल्या ते बघा. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच आधीची जागा आणि मागचं टोक इथल्या रेघा गेल्या की थांबा. मधल्या खोलगट भागात रेघ उरली तरी काही अडत नाही. मग १२० आणि २२० चा पेपर.

पण साध्या रंध्यात आणि यात एक फरक आहे. याची बाजूही काम करते. तळ आणि स्परच्या बाजूची कड काटकोनात हवी. इंजिनिअरिंगचा पोलादी गुण्या लावून उजेडाकडे धरा. फट दिसली तर आणखी घासण्याआधी विचार करा, कारण एका हातावर जास्त जोर देऊन घासलं की काटकोन आणखी बिघडतो. थोडा फरक असेल तर तसाच ठेवून काम करून बघा. मी एकदा परिपूर्ण काटकोनाच्या नादात अर्धा मिलिमीटर बीड घासलं आणि शेवटी पातंच अंगापेक्षा जास्त रुंद वाटायला लागलं.

पातं. आधी पाठ, धारेपासून दहा-बारा मिलिमीटर पूर्ण सपाट होईपर्यंत, शेवटी आरशासारखी. नंतर उतार पंचवीस अंशांचा आणि अगदी टोकाला तीस अंशांचा बारीक पट्टा. आता लोक चुकतात ती जागा: पात्याची धार गुण्याला चौकोनी करू नका, रंध्याला समांतर करा. पातं बसवा, रंधा उलटा धरा, तळाच्या पातळीत डोळा लावा. धार एका बाजूला जास्त डोकावत असेल तर ती बाजू थोडी जास्त घासा आणि परत बसवून बघा. जुन्या रंध्यांच्या पात्याची बैठक कधीकधी मुळातच किंचित तिरकी असते. गुण्यानं चौकोनी केलेलं पातं त्यात कधीच सरळ बसणार नाही.

पातं स्परच्या बाजूनं अंगाबाहेर कागदाच्या जाडीएवढं डोकावलं पाहिजे. आत राहिलं तर प्रत्येक फेरीला भिंत थोडी आत सरकते आणि रिबेट चौकोनी होण्याऐवजी जिना होतो. नव्या माणसाच्या दहा तक्रारींतल्या आठ याच्या असतात.

स्परचं काम लाकडाच्या रेषांना आडवं कापताना पात्याच्या पुढे तंतू चिरायचं. त्याची बाहेरची बाजू पूर्ण सपाट ठेवा, उतार फक्त आतल्या बाजूला, बारीक डायमंड कानशीनं. बाहेरून घासलात तर तो पात्याच्या रेषेच्या आत चिरतो आणि चिरूनही काठ फाटतोच. रेषेच्या दिशेनं काम असेल तेव्हा स्पर वर फिरवून ठेवा.

फेन्सला दोन भोकं असतात ती लाकडी पट्टी लावायला. तिथे सागाची इंचभर उंच, सरळ पट्टी लावा. लांबी वाढते, टेकण मिळतं आणि फेन्स तळाशी किंचित काटकोनात नसेल तर त्या पट्टीच्या मागे पोस्टकार्डाचा तुकडा घालून काटकोन जुळवता येतो.

राउटरचं पातं

रंध्याच्या अंगाला फार काही करावं लागत नाही, तळ पाच मिनिटांत सपाट होतो. खरी कसोटी पात्याची. ते एल आकाराचं आहे, त्यामुळे दगडावर ठेवताना दांडा आड येतो. दगड टेबलाच्या कडेला ठेवा म्हणजे दांडा बाहेर लोंबेल, आणि पायाची खालची बाजू सपाट करा. नंतर वरचा उतार बारीक डायमंड पट्टीनं, पातं स्थिर धरून, पट्टी फिरवून. खालची बाजू रंध्याच्या तळाला समांतर असावी, टाच (पायाचं मागचं टोक) किंचित उचललेली असली तरी चालेल. टाच धारेपेक्षा खाली असेल तर रंधा नुसता सरकतो, कापत नाही, आणि माणूस धारेला दोष देत बसतो.

लाकडी गलत्याचे रंधे

गलता म्हणजे लाकडाच्या कडेला काढलेली नक्षी. ब्रिटनमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात ती काढणारे बीच लाकडाचे हे रंधे ढिगानं बनले. लांबी बहुतेक साडेनऊ इंच. नाकावर बनवणाऱ्याचा ठसा असतो: नॉर्विचचा ग्रिफिथ्स, ग्लासगोचा मॅथिसन, लंडनचा मोझली. त्याच्या आजूबाजूला मालकांचे ठसे, कधी दोन, कधी चार, एकाखाली एक. नाकावर दोन तिरक्या कोरलेल्या रेघा दिसल्या तर त्या शोभेच्या नाहीत, रंधा किती कलता धरायचा ते त्या सांगतात. हे माहीत नसेल तर उभा धरून चालवता, आकार बिघडतो, आणि रंधाच वाईट असा निकाल लागतो.

घेताना लांबीत डोळा लावून बघा. केळ्यासारखा वाकलेला असेल तर नको. पाचर मूळची आहे का, तोंडाशी तिचं टोक तुटलंय का ते बघा, तुटलं असेल तर ढलप्या तिथेच अडकतात. किड्याची दोन-चार जुनी भोकं चालतील, ताजी पिवळी भुकटी पडत असेल तर नाही. गोल आणि पोकळ (फुगीर आणि खोलगट तळाच्या) अशा जोड्या एकाच नंबरच्या मिळाल्या तर नशीब, कारण दोन वेगळ्या कारागिरांच्या नंबरांचा आकार जुळेलच असं नाही.

पाचर काढताना वरून हातोडी मारू नका. रंधा हातात धरून मागच्या टोकावर लाकडी हातोडीचा टोला द्या, पाचर सैल होते. कोकणातला पावसाळा असेल तर ती हलणार नाही. आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवा, जबरदस्ती नको.

स्वच्छतेला टर्पेंटाइन आणि फडकं पुरे. जवसाच्या तेलात बुडवून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, लाकूड जड आणि चिकट होतं आणि पाचर धरत नाही. पात्याचा आकार तळाच्या आकाराला जुळवायचा, उलटं नाही. पाठीवर मार्कर फिरवा, पातं बसवून तळाच्या रेषेत डोळा लावा, तळाचा आकार सुईनं पाठीवर कोरून घ्या आणि त्या रेषेपर्यंत घासा. गोलाकार भागांना पेन्सिलीवर गुंडाळलेला पॉलिश पेपरही चालतो.

मूठ, आणि ठेवणं

तुटलेली मूठ एपॉक्सीनं जोडते. तुटलेल्या कडा घासू नका, जशा तुटल्या तशाच एकमेकींत बसतात. दाबायला शिकंजा वाकड्या आकारावर बसत नाही, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळा. वरून बेलतेलाचे दोन हात, वाटल्यास चपड्याचं पॉलिश. तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. उघडी पसरून वाळू द्या किंवा पाण्यात भिजवून टाका.

ठेवताना पात्यावर आणि तळावर मशीन ऑइल किंवा मेण. खोबरेल किंवा गोडंतेल लावायची घरगुती सवय सोडा, ते वाळून चिकट होतं. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी हत्यारांच्या पेटीत टाकून ठेवा.

पहिली खाच

पहिला प्रयोग सागावर करू नका. सागात सिलिका असते, नव्यानं लावलेली धार ती लगेच खाते. पॅकिंगच्या खोक्यातलं पाइनचं लाकूड, सरळ रेषांचं, गाठ नसलेलं घ्या आणि शिकंजात धरा. पातं इतकं बारीक काढा की पहिल्या फेरीत काहीच निघू नये, मग थोडं थोडं वाढवा.

आणि सुरुवात जवळच्या टोकाकडून नाही. पट्टीच्या दूरच्या टोकाला दोन-तीन इंचांची छोटी फेरी मारा, मग थोडं मागे येऊन त्यापेक्षा लांब, असं करत करत मागे या. प्रत्येक नवी फेरी आधी कापलेल्या खाचेत जाऊन संपते, त्यामुळे रंधा भरकटत नाही. डाव्या हाताचा जोर फेन्सवर आडवा, उजव्याचा पुढे, खाली दाबायचं काम रंध्याच्या वजनावर सोडा. खोलीचा स्टॉप पूर्ण लांबीभर टेकला की पातं कापायचं आपोआप थांबतं. एका टोकाला टेकला आणि दुसऱ्याला नाही, तर तेवढ्याच भागात आणखी दोन फेऱ्या मारा.

७८ मधून ढलप्या वर येत नाहीत, बाजूनं निघतात आणि फेन्सच्या दांडीभोवती गोळा होतात. दर चार-पाच फेऱ्यांनी त्या बोटानं काढत जा, नाहीतर एखादी ढलपी फेन्स आणि लाकूड यांच्यामध्ये जाऊन बसते आणि तिथून पुढची खाच तेवढी बाहेर सरकते.